फोटोत रात्र उरली पाहिजे

सांगलीजवळच्या कुपवाडमध्ये दिवसा सगळ्यांवर एकाच सूर्याचा उजेड असतो. संध्याकाळी सातनंतर मात्र इथं नाना तऱ्हांचे उजेड एकमेकांशेजारी उभे राहतात. औद्योगिक वसाहतीत एखाद्या शेडच्या उघड्या दारातून निळसर पांढरा झोत रस्त्यावर आलेला असतो. त्याला लागून चहाच्या टपरीचा पिवळा बल्ब. फॅब्रिकेशनच्या दुकानात वेल्डिंगचा लखलखाट, मेडिकलच्या पाटीचा हिरवा रंग, देवळाच्या गाभाऱ्यातली समई, उसाच्या ट्रॉलीला मागं चिकटवलेली लाल पट्टी, आणि या सगळ्यांच्या डोक्यावर खांबांवरचे एलईडी दिवे. आपला डोळा हे सगळं सांभाळून घेतो आणि आपल्याला वाटतं की रस्त्यावर नुसता उजेड आहे. कॅमेरा सांभाळून घेत नाही. त्याला प्रत्येक दिव्याचा रंग वेगळा दिसतो, जोर वेगळा दिसतो, आणि त्यातलं आपल्याला काय हवं आहे हे आपण सांगितल्याशिवाय त्याला कळत नाही. रात्रीचे फोटो शिकायचे म्हणजे आधी या उजेडांशी ओळख करून घ्यायची. हे पुस्तक त्या ओळखीसाठी लिहिलं आहे.

पुस्तकाची भूमिका आधीच सांगून टाकतो. रात्री काढलेल्या फोटोत रात्र उरली पाहिजे. हे आज मुद्दाम सांगावं लागतं, कारण हातातला मोबाइल रात्र पुसून टाकायला शिकला आहे. त्याचा नाइट मोड एकामागोमाग अनेक फ्रेम घेतो, त्या एकमेकींवर बसवतो, सावल्या उचलतो, रंग भरतो, आणि अकरा वाजताची गल्ली ढगाळ दुपारसारखी करून आपल्या हातात देतो. ही यंत्रविद्या थक्क करणारी आहे. अपघाताच्या जागेचा किंवा हरवलेल्या वस्तूचा फोटो काढायचा असेल तर तिच्यासारखी दुसरी सोय नाही. पण त्या फोटोत अंधार कुठं होता हेच कळेनासं होतं. टपरीवाल्याचा चेहरा एका बल्बमुळे दिसत होता आणि त्याच्या मागची भिंत काळोखात होती, म्हणून तर आपण थांबलो होतो. भिंतही तितकीच उजळली की थांबण्याचं कारण संपलं. हातात स्वतंत्र कॅमेरा असेल, त्याचे निर्णय आपण घेत असू, तर कुठला काळोख ठेवायचा हे ठरवता येतं. माझ्या मते रात्रीच्या फोटोतला सगळ्यात मोठा निर्णय हाच, आणि तो कुठलंही यंत्र आपल्या वतीनं नीट घेत नाही.

ही भूमिका नवी नाही. १८३९ मध्ये छायाचित्रणाची कला जगापुढं आली तेव्हा भर दुपारीही प्लेट कित्येक मिनिटं उघडी ठेवावी लागे. रात्रीचं नावही कोणी काढत नव्हतं. शतकाच्या शेवटी लंडनमध्ये पॉल मार्टिन यानं गॅसच्या दिव्यांत ओल्या रस्त्यांचे फोटो काढले. १९३३ मध्ये ब्रासाय याचं पॅरिसच्या रात्रीवरचं पुस्तक गाजलं. एक्स्पोजर मोजायला तो सिगारेट पेटवायचा आणि अंधार जास्त असला तर जाड, सावकाश जळणाऱ्या सिगारेटची निवड करायचा, असं सांगतात. त्याच्या चित्रांत काळा भाग खरोखर काळा आहे. दिव्याखाली उभा असलेला माणूस दिसतो, बाकी शहर आपण मनानं भरून काढतो. फिल्मची एक अडचण मात्र त्याच्या सोबतीला कायम असे: उजेड फार मंद झाला की फिल्म हिशेबाप्रमाणे वागत नाही, दुप्पट वेळ देऊनही दुप्पट परिणाम मिळत नाही. डिजिटल सेन्सरमध्ये ही खोड नाही. दहा सेकंदांचे वीस केले तर उजेड बरोबर दुप्पट जमा होतो. नवशिक्याला ही सोय केवढी मोठी आहे, हे फिल्मवर शिकलेल्यांनाच ठाऊक.

आपल्याकडेही अंधार आणि दिवा यांचा विचार जुना आहे. १८४३ मध्ये सांगलीत विष्णुदास भावे यांनी 'सीता स्वयंवर' रंगभूमीवर आणलं, तेव्हा विजेचा दिवा जगात कुठल्याच रंगमंचावर रोजच्या वापरात नव्हता. त्या काळचे रात्रीचे खेळ ज्योतीच्या उजेडातच उभे राहत. ज्योतीच्या उजेडात चेहरा कसा दिसतो, तो हलला की सावली कशी हलते, हे या गावानं तेव्हापासून पाहिलं आहे. पन्नासेक किलोमीटरवरच्या कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी १९२३ च्या 'सिंहगड' या मूकपटासाठी कृत्रिम प्रकाशात चित्रीकरण केलं. भारतीय चित्रपटातला तो फार महत्त्वाचा प्रयोग मानला जातो. तानाजीचा गड चढण्याचा प्रसंग रात्रीचा. तो दिवसाउजेडी घेऊन भागणार नव्हतं. रात्र दाखवायची तर दिवा कुठं ठेवायचा आणि कुठं ठेवायचा नाही, हा प्रश्न पेंटरांपुढं होता, आणि आज चौदा-पंधरा हजारांचा जुना कॅमेरा घेऊन माधवनगर रोडला उभ्या राहिलेल्या मुलापुढंही तोच आहे.

त्या मुलाच्या हातातला सेन्सर मात्र आपल्या पूर्वजांपेक्षा खूप पुढं गेला आहे. १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडीची कल्पना मांडली. त्यासाठी चाळीस वर्षांनी, २००९ मध्ये, त्यांना नोबेल मिळालं. १९७५ मध्ये कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन यानं बनवलेल्या पहिल्या डिजिटल कॅमेऱ्यात शंभर गुणिले शंभर बिंदूंचं चित्र होतं आणि ते कॅसेटच्या फितीवर उतरायला २३ सेकंद लागत. आज त्या २३ सेकंदांत आपण दंडोबाच्या डोंगरावरून आकाशगंगा टिपू शकतो.

आता थोडा हिशेब, कारण त्याच्याशिवाय पुढची प्रकरणं अधांतरी राहतील. पौर्णिमेच्या चंद्राचा उजेड सूर्याच्या उजेडाच्या सुमारे चार लाखावा भाग असतो. भर उन्हात आयएसओ १०० आणि एफ/८ ठेवून जो फोटो सेकंदाच्या चारशेव्या भागात येतो, तोच त्याच सेटिंगवर चांदण्यात काढायचा तर सोळा-सतरा मिनिटं शटर उघडं ठेवावं लागेल. दिव्यांच्या रस्त्याला याच सेटिंगवर साधारण दोन ते आठ सेकंद पुरतात. इतकी मोठी दरी भरायला आपल्याकडे तीनच गोष्टी आहेत: लेन्सचं तोंड किती उघडायचं, शटर किती वेळ उघडं ठेवायचं, आणि आयएसओ. यातल्या पहिल्या दोन्हींनी खरा उजेड आत येतो. आयएसओनं येत नाही. कमी दाबाच्या नळाखाली हंडा लावलाय असं समजा: तोटी पूर्ण सोडणं म्हणजे अ‍ॅपर्चर, वाट पाहणं म्हणजे शटर, हंडा अर्धाच भरला असताना तो भरलेला दिसावा म्हणून तिरका धरणं म्हणजे आयएसओ वाढवणं. फोटोतले रवाळ ठिपके, ज्याला आपण नॉइज म्हणतो, ते मुख्यतः उजेड कमी गोळा झाल्यामुळे येतात. म्हणून वस्तू स्थिर असेल तर आयएसओ खाली ठेवा आणि वेळ वाढवा. माणूस हलत असेल तर आयएसओ बिनधास्त ३२००-६४०० पर्यंत न्या. थोडा रवाळ फोटो चालतो, हललेला चेहरा चालत नाही.

वेळ वाढवायची म्हटली की कॅमेरा स्थिर हवा. ट्रायपॉड महाग असलाच पाहिजे असं नाही, तो जड हवा. पाय पूर्ण उघडा, मधली दांडी वर काढू नका, खाली पिशवी टांगा आणि बटण बोटानं न दाबता दोन सेकंदांचा टायमर लावा. ट्रायपॉडवर असताना लेन्समधलं स्टॅबिलायझेशन बंद करणं चांगलं. काही लेन्स नसलेली थरथर शोधत बसतात आणि स्वतःच चित्र हलवतात. ट्रायपॉड नसेल तर कठडा, पाण्याची टाकी, बंद दुकानाचा कट्टा, काहीही चालतं. त्यावर गव्हाची किंवा तांदळाची छोटी पिशवी ठेवली की कॅमेरा हवा तसा बसतो.

फोकसचं आणि पडद्याचं एक-एक वाक्य इथंच सांगतो, कारण सर्वाधिक फोटो या दोन ठिकाणी वाया जातात. अंधारात ऑटोफोकस पुढंमागं हिंडत राहतो. तो बंद करून लाइव्ह व्ह्यूमध्ये लांबचा एखादा दिवा मोठा करून पाहा आणि हातानं फोकस करा. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विसंबू नका. आणि मागच्या पडद्यावर फोटो उजळ दिसला म्हणून समाधान मानू नका: अंधारात डोळ्याची बाहुली मोठी झालेली असते, त्यामुळे कमी पडलेला फोटोही झगझगीत दिसतो. घरी आल्यावर संगणकावर तोच काळवंडलेला निघतो. हिस्टोग्राम पाहण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावा. फाइल रॉ ठेवा. जेपीईजीत एका रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, चौदा बिटच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४; रात्रीच्या सावल्यांना या पायऱ्या लागतात.

मराठीत हे पुस्तक लिहिण्याचं कारण भाषेपुरतं नाही. रात्रीच्या फोटोग्राफीवरची बहुतेक पुस्तकं युरोप-अमेरिकेत बसून लिहिली गेली आहेत आणि त्यांतले काही सल्ले कुपवाडला लागू पडत नाहीत. पहिला प्रश्न संधिप्रकाशाचा. सूर्य बुडाल्यावर आकाश गडद निळं होतं आणि त्या निळ्याचा जोर दिव्यांच्या जोराशी जुळतो, ती वेळ शहराच्या फोटोंसाठी सर्वांत चांगली. लंडनच्या अक्षांशावर सूर्य तिरका उतरतो, उन्हाळ्यात तर फारच तिरका. तिथला लेखक तुम्हाला निवांत तासभर देतो. आपण सुमारे १७ अंश उत्तरेला आहोत. इथं सूर्य जवळपास सरळ खाली जातो. आकाश उपयोगी निळं राहतं ते जेमतेम पंधरा-वीस मिनिटं. त्यामुळे जागा आधी ठरवा, चौकट आधी लावा, सूर्यास्तानंतर जागा शोधत फिरू नका. हीच वेळ पहाटेही मिळते, आणि पहाटेचं गाव रिकामं असतं.

कार्तिकातल्या त्रिपुरी पौर्णिमेला ही वीस मिनिटं सोन्याच्या मोलाची होतात. त्या संध्याकाळी कृष्णाकाठच्या घाटांवर पणत्या लागतात आणि पौर्णिमा असल्यामुळे सूर्य बुडत असतानाच पूर्वेला चंद्र वर येतो. चंद्राची गंमत अशी की त्याच्यावर भर दुपारचं ऊन पडलेलं असतं. नुसत्या चंद्राचा फोटो आयएसओ १००, एफ/११ आणि सेकंदाचा शंभरावा भाग, इतक्या दिवसाच्या सेटिंगवर येतो. रात्री नऊ वाजता घाट आणि चंद्र एकाच फ्रेममध्ये घेतलात तर घाटाला पुरेल इतका वेळ देताना चंद्राच्या जागी पांढरा ठिपका जळालेला दिसेल. तोच फोटो चंद्र उगवतानाच्या संधिप्रकाशात घ्या. आकाश, पणत्या आणि चंद्र तिघेही एका एक्स्पोजरमध्ये मावतात. हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमावर उभं राहून हे एकदा करून पाहा. पणतीच्या उजेडातला जवळचा चेहरा हवा असेल तर आयएसओ १६००, एफ/२ आणि सेकंदाचा साठावा भाग इथून सुरुवात करा, आणि व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नका. ऑटो ती केशरी ऊब दुरुस्त करायला जातो. ती दुरुस्त करायची नसते.

दुसरा प्रश्न विजेचा, आणि हा मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्याकडे याविषयी फारसं कोणी बोलत नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे. तिच्यावर चालणारे अनेक दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतात. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. शटर १/२५० किंवा १/५०० वर नेलं की एका फ्रेममध्ये दिवा पेटलेला, पुढच्या फ्रेममध्ये अर्धा विझलेला, कधी चित्रावर आडवे पट्टे. अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची, म्हणून तिथली पुस्तकं १/६० आणि १/१२० सांगतात. आपण १/५० किंवा १/१०० वर राहायचं, आणि कॅमेऱ्याच्या मेनूत फ्लिकरची निवड असेल तर तिथं ५० निवडायचं. एलईडीच्या पडद्यांचं आणि स्वस्त माळांचं लुकलुकणं याहून वेगळ्या वेगाचं असतं. त्यांच्यासमोर शटर थोडं थोडं हळू करत पट्टे जाईपर्यंत शोधावं लागतं.

याची खरी परीक्षा मिरजेच्या गणपती विसर्जनाला होते. ही मिरवणूक रात्रभर चालते आणि दुसऱ्या दिवसापर्यंत लांबते. मार्गावर मोठमोठ्या स्वागतकमानी उभ्या राहतात आणि प्रत्येक कमानीखाली उजेडाचा रंग बदलतो. तिथं १/५० वर नाचणारे हात हलतील. हलू द्या. ढोलावर पडणारी टिपरी पुसट आणि वाजवणाऱ्याचा चेहरा स्पष्ट, असा एक फोटो दहा गोठलेल्या फोटोंपेक्षा जास्त खरा असतो. एक धोक्याची सूचना मात्र गांभीर्यानं घ्या. मिरवणुकीत लेझरचे झोत असतील तर लेन्स त्यांच्याकडे वळवू नका. थेट शिरलेला लेझर सेन्सरवर कायमची रेघ पाडू शकतो. गेल्या काही वर्षांत गणेशोत्सवात लेझरमुळे डोळ्यांना इजा झाल्याच्या बातम्या कोल्हापूर-पुण्याकडून आल्या आहेत. कॅमेऱ्याच्या आधी आपला डोळा सांभाळायचा आहे.

मिरजेच्याच ख्वाजा मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात १९३७ मध्ये निवर्तलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ संगीतसभा होते, तीही रात्रीची. तिथं फोटो काढायचे तर फ्लॅश पिशवीतच राहिला पाहिजे आणि शटर आवाज न करणारं हवं. आलापीच्या वेळी कॅमेरा खाली ठेवून ऐका. गायकाचा सूर लागल्यावरचा चेहरा कधी येतो हे ऐकणाऱ्यालाच कळतं, मोजणाऱ्याला नाही.

नदीविषयी एक स्वतंत्र प्रकरण आहे, म्हणून इथं थोडक्यात. १९२९ चा आयर्विन पूल हा सांगलीतल्या रात्रीच्या फोटोंचा नेहमीचा विषय, आणि बहुतेकांचा फोटो एकच असतो: पुलावरून जाणाऱ्या गाड्यांच्या लाल-पांढऱ्या रेघा. असा एक फोटो प्रत्येकानं काढावा, कारण त्यातून वेळेचा अंदाज येतो. दुसरा काढू नये. पुलावर ट्रायपॉड लावला तर गाडी गेल्यावर पूल हलतो आणि फोटोही हलतो. त्यापेक्षा घाटावर उतरा. पाणी संथ असेल तेव्हा आठ-दहा सेकंदांत दिव्यांचे उभे खांब पाण्यात उतरलेले दिसतात. साखर कारखान्यांच्या हंगामात, डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे, धुकं असेल तर प्रत्येक दिव्याभोवती तेजाचं वर्तुळ येतं. अशा वेळी लेन्सवर दव बसतं, ते मऊ कापडानं टिपत राहा. पावसाळ्यात मात्र नदीपासून लांब राहा. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. पुराच्या अंधारात काठ कुठं संपतो ते दिसत नाही. पुराची नोंद करायची असेल तर ती गच्चीवरून करा, आणि मदतकार्याच्या वाटेत उभे राहू नका.

आकाशाविषयी मात्र मी लांबण लावणार आहे, कारण आपल्या अक्षांशाचं खरं वैभव तिथं आहे. परदेशी पुस्तकांतले ताऱ्यांच्या गोल रेघांचे फोटो पाहून अनेक जण उत्तरेकडे कॅमेरा लावतात आणि निराश होतात. कुपवाडहून ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम १७ अंशांवर दिसतो. त्याच्याभोवतीची मोठी वर्तुळं अर्धी जमिनीखाली जातात. तुमचं काही चुकलेलं नाही, आपली जागाच तशी आहे. पण याच जागेमुळे दक्षिणेचं जे आकाश लंडनवाल्याला जन्मभर दिसत नाही, ते आपल्याला घराच्या गच्चीवरून दिसतं. फेब्रुवारीत रात्री नऊच्या सुमारास दक्षिणेला वीस अंशांवर अगस्त्य चमकत असतो. मे महिन्यात नऊ-दहाच्या सुमारास त्याहून खाली, तेराएक अंशांवर, त्रिशंकू उभा राहतो. इतक्या खालच्या ताऱ्यांमुळे फोटोत जमीन आणि आकाश एकत्र घेता येतात. एखादं देऊळ, बाभळीचं झाड, पवनचक्की, आणि तिच्या खांद्याला लागून त्रिशंकू.

आकाशगंगेचा सर्वांत दाट भाग वृश्चिक आणि धनु राशींकडे आहे. युरोपातली पुस्तकं तो जुलै-ऑगस्टमध्ये शोधायला सांगतात. तेव्हा आपल्यावर ढग असतात. आपला हंगाम मार्चच्या पहाटेपासून मेच्या अखेरीपर्यंत, अमावास्येच्या आगेमागे. एप्रिलमध्ये मध्यरात्रीनंतर हा पट्टा आग्नेयेला वर यायला लागतो आणि पहाटे चार-साडेचारला दक्षिणेत क्षितिजापासून चाळीसहून जास्त अंशांवर असतो. लंडनला तोच भाग क्षितिजाला घासून जातो. जागा निवडताना एवढं पाहा की सांगली-मिरजेचा उजेड पाठीशी राहील. म्हणून मिरजेच्या पूर्वेला, दंडोबाच्या बाजूला किंवा त्याही पलीकडे जतच्या माळावर गेलेलं चांगलं. वनखात्याचे नियम पाळा, एकट्यानं जाऊ नका, पायात बूट आणि हातात लाल कागद लावलेली बॅटरी असू द्या. तारे बिंदूसारखे हवे असतील तर ५०० ला लेन्सच्या मिलिमीटरनं भागून येतील तेवढे सेकंद ही कमाल मर्यादा. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यात आधी मिलिमीटरला दीडनं गुणायचं. १८ मिलिमीटरच्या साध्या किट लेन्सला अठरा सेकंद मिळतात. एप्रिलच्या उकाड्यात सेन्सरही तापतो आणि लाल-निळे ठिपके वाढतात, म्हणून दोन फोटोंमध्ये त्याला थोडी उसंत द्या.

जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्याच पेंच व्याघ्रप्रकल्पाला भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. अंधार ही जपण्याची संपत्ती आहे हे आपल्या राज्यात मान्य झालं, याचा मला मनापासून आनंद आहे. आपल्या जिल्ह्यातला पूर्वेकडचा अंधार अजून शाबूत आहे, पण दर वर्षी एखादा हायमास्ट तो थोडा खातो.

फोटो खरा ठेवण्याचा मुद्दा काजव्यांच्या बाबतीत फार ठळक होतो. मे-जूनमध्ये राधानगरी किंवा भंडारदऱ्याकडचे काजव्यांचे फोटो तुम्ही पाहिले असतील. झाडभर हजारो ठिपके. ते बहुधा अनेक फोटो एकावर एक बसवून केलेले असतात. तसं करण्यात गैर काही नाही, पण फोटोखाली तसं लिहावं. एका क्षणी तिथं किती काजवे होते हे पाहणाऱ्याला कळलं पाहिजे, नाहीतर तो तिथं गर्दी करतो, बॅटऱ्या मारतो, आणि ज्या अंधारावर काजव्यांचं जोडीदार शोधणं अवलंबून आहे तो अंधारच नासवतो.

आणि माणसं. रात्री काम करणारी माणसं हा कुपवाडचा सगळ्यात मोठा विषय, तरी त्याच्यावर सर्वांत कमी फोटो आहेत. दुसऱ्या पाळीची सुटी झाल्यावर सायकली आणि मोटारसायकलींचा जो लोंढा एमआयडीसीच्या रस्त्यावर येतो, टपरीवर डबा उघडून बसलेले वॉचमन, गुऱ्हाळावर चुलवाणाच्या जाळात उजळलेला गुळव्या आणि काहिलीवरची वाफ: इथं कॅमेरा काढण्याआधी बोलायचं. "दादा, एक फोटो काढू का?" एवढंच विचारायचं, आणि नाही म्हणाले तर पुढं जायचं. झोपलेल्या माणसाचा फोटो काढू नका. कारखान्याच्या आवारात परवानगीशिवाय जाऊ नका, आणि वेल्डिंगच्या ज्योतीवर लांब लेन्स रोखू नका; फोटो वेल्डिंगचा नको, वेल्डिंगनं उजळलेल्या भिंतीचा आणि माणसाचा घ्या.

कोणता कॅमेरा घ्यावा, हा प्रश्न सगळे विचारतात. ज्यात मॅन्युअल मोड, रॉ फाइल आणि तीस सेकंदांचं शटर आहे, असा कुठलाही. दहा-बारा वर्षांपूर्वीचा डीएसएलआरही पुरतो. पैसे उरले तर ५० मिलिमीटर एफ/१.८ ची लेन्स घ्या. ती स्वस्त आहे आणि रात्रीच्या माणसांसाठी तिच्याइतकी उपयोगी दुसरी नाही.

शेवटी एक विनंती. २०१५ मध्ये देशभर रस्त्यांवरचे दिवे एलईडी करण्याचा कार्यक्रम सुरू झाला आणि बघता बघता सोडियमच्या दिव्यांची नारिंगी रात्र आपल्या गावांतून गेली. त्या रात्रीत एक पिढी वाढली. तिचे नीट फोटो किती घरांत आहेत? १९९८ मध्ये सांगली-मिरजेशी जोडून महापालिकेत आलेल्या कुपवाडचे जुने फोटो शोधायला गेलात तर सभा, सत्कार आणि लग्नं मिळतील. रात्रीचा रस्ता मिळणं कठीण. म्हणून या पुस्तकातली सेटिंगं शिकून झाली की आधी आपल्याच गल्लीत उभे राहा. आज तिथं जे दिवे आहेत, जी दुकानं उघडी आहेत, जी माणसं कट्ट्यावर बसतात, त्यांचे फोटो काढा. प्रत्येक फाइलला तारीख, वेळ आणि जागेचं नाव द्या, दोन ठिकाणी साठवा, आणि निदान काही फोटो कागदावर छापून ठेवा.